अळंब्यांची भिंत

अच्युत पागनिसांनी ठरवलं होतं ते एवढंच, की पटव्याच्या बाकावर तासभर बसून राहण्यापेक्षा जरा पाय मोकळे करावेत. पाय मोकळे करण्यात गैर काय आहे? कोणीही करतं. पण पागनिसांचे पाय मोकळे झाले आणि पुढचे दोन महिने बाकीचं सगळं अडकून बसलं.

शनिवारची दुपार होती. विनीताबाईंचं मंगळसूत्र नव्या दोऱ्यात गाठवून घ्यायला ते सराफ्यात आले होते. पटवा म्हणाला, "एक घंटा लगेगा, बाबूजी." सराफ्यात खाण्याच्या गाड्या लागतात त्या रात्री; दिवसाढवळ्या तिथे खायला काही मिळत नाही, आणि जे मिळतं ते घेण्याची पागनिसांची प्राज्ञा नव्हती. म्हणून ते बाजूच्या बोळात शिरले. तिथे एक फ्रेमवाला दुकान बंद करत होता. जेवायच्या सुट्टीपुरतं नव्हे, कायमचंच. देवांच्या तसबिरी केव्हाच खपल्या होत्या, पुढाऱ्यांच्याही खपल्या होत्या. उरल्या होत्या त्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या, धुळीनं माखलेल्या सहा अळंब्या.

अळंब्या म्हणजे चित्रं. कुठल्याशा विलायती ग्रंथाची शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची पानं, कडा चहा सांडल्यासारख्या तपकिरी, आणि प्रत्येक पानावर एकेक रानटी पण खाण्याजोगी अळंबी. 'एडिबल' असं प्रत्येकीच्या खाली स्पष्ट छापलेलं, आणि वर तिरप्या अक्षरांत न वाचता येणारं लॅटिन नाव. एक मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळीदार. एक जर्दाळूच्या रंगाची, वाऱ्यानं उलट्या झालेल्या छत्रीसारखी. एक टोपी पावासारखी खरपूस, तर एक नुसताच पांढरा गोळा, सोललेल्या नारळाएवढा. प्रत्येक अळंबी वरून काढली होती, खालून काढली होती, मधोमध चिरून काढली होती, आणि कोपऱ्यात तिचं पिल्लूही होतं. देठाला चिकटलेली मातीसुद्धा चित्रकारानं सोडली नव्हती, आणि त्या मातीला चिकटलेलं एक वाळकं पानसुद्धा नाही.

पागनीस त्या वाळक्या पानापाशी थांबले. विमा कचेरीत त्यांची बत्तीस वर्षं झाली होती. अजूनही ते मीटिंगमध्ये तासभर बसल्यावर साहेब विचारत, "अरे पागनीस, तुम कब आए?" आणि इथे, जिच्यापाशी फक्त कुत्रं थांबतं आणि तेही पाय वर करून, अशा अळंबीला कोणीतरी दिवसच्या दिवस मायेनं निरखून काढलं होतं. पागनिसांनी चष्मा काढून डोळे टिपले. (बोळातली धूळही असेल. पण आपण संशयाचा फायदा त्यांना देऊ.)

"छहों ले जाओ भिया," फ्रेमवाला म्हणाला. "बाप के जमाने से पड़ी हैं, कोई पूछता नहीं."

"मैं पूछ रहा हूँ ना," पागनीस म्हणाले. हे वाक्य त्यांच्या स्वतःच्याच कानाला इतकं करारी वाटलं की त्यांनी सहाच्या सहा फ्रेमा बांधून घेतल्या आणि रिक्षा करून राजेंद्र नगरला आले.

"हे काय उठवून आणलंत?" विनीताबाईंनी दारातच विचारलं.

"अळंब्या. जुनी चित्रं आहेत, दुर्मिळ."

"कुत्र्याच्या छत्र्या?"

"खायच्या आहेत त्या. एडिबल."

"मग फ्रीजमध्ये ठेवा. आणि मंगळसूत्र?"

मंगळसूत्र पटव्याकडेच राहिलं होतं. पागनीस उलट्या पावली सराफ्याला निघाले. जाता-येता सिटी बसमध्ये त्यांनी एकच वाक्य घोकलं, 'ही चित्रं जेवणाच्या खोलीतल्या भिंतीवर लागतील.' घरी पोचल्यावर एका हातानं मंगळसूत्र पुढे करत दुसऱ्या हातानं भिंत दाखवत त्यांनी ते वाक्य म्हणून टाकलं.

विनीताबाई हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बरं. दादाला विचारते."

इथे दादा कोण ते सांगायला हवं, कारण हे घर पागनिसांचं असलं तरी भिंती दादांच्या होत्या. हृषीकेशदादा म्हणजे विनीताबाईंचे थोरले भाऊ, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. बारा वर्षांपूर्वी घर त्यांच्या देखरेखीखाली उभं राहिलं. तेव्हापासून त्यात एक खिळादेखील त्यांच्या परवानगीवाचून गेला नव्हता. दिवाणखान्यातला हिमालय त्यांनी दिलेला होता आणि त्यांनीच टांगलेला होता. घड्याळ त्यांनी लेव्हल लावून बसवलं होतं. कॅलेंडरची जागासुद्धा त्यांनी टेप धरून काढली होती. जाताना त्यांनी घराच्या सगळ्या पाइपांचा आणि वायरींचा नकाशा काढून, लॅमिनेट करून बहिणीच्या हाती ठेवला होता. पाणी निळ्या रेघेनं, वीज लाल. तो लोखंडी कपाटात साड्यांखाली असे. खिळा मारायचा झाला तर आधी नकाशा, मग दादा, मग हातोडी, असा क्रम होता. त्या क्रमात पागनीस कुठेच येत नव्हते.

शिवाय कूलरची गोष्ट होती. एकदा पागनिसांनी कूलर स्वतः दुरुस्त केला आणि त्यानं बसलेल्या पाहुण्यांवर पाणी फेकलं. ही गोष्ट दादा दर लग्नात, दर मुंजीत, हातवारे करून सांगत. ऐकणारे दर वेळी नव्यानं हसत. एकदा तर एका तेराव्याला सांगितली होती.

"दादांना विचारायचं नाही," पागनीस म्हणाले. "माझी चित्रं आहेत, माझी भिंत आहे, माझा खिळा आहे."

"कम से कम नकाशा तर बघा."

"नाही बघणार. स्वतःच्या घरात खिळा मारायला मला नकाशा लागत नाही."

(हे वाक्य लक्षात ठेवायची तुम्हाला गरज नाही. पागनिसांना होती.)

रविवारी सकाळी विनीताबाई भाजी आणायला गेल्या आणि त्यांची मुलगी शमिका अजून झोपलेली होती. (ती विजय नगरमध्ये कॉम्प्युटर कंपनीत होती आणि रविवार ही तिची हक्काची झोप होती.) तेवढ्यात पागनिसांनी काम सुरू केलं. पाच खिळे इतके झकास गेले की आपण उगीच विम्यात आयुष्य घालवलं असं त्यांना वाटू लागलं. सहावा खिळा आधी 'ठक्' म्हणाला, मग 'ठस्स' म्हणाला. पागनिसांनी तो जरा मागे ओढला. भिंतीतून पाण्याची एक बारीक धार निघाली आणि नेमकी त्यांच्या चष्म्यावर आली.

त्यांनी खिळा परत आत दाबला. धार थांबली. भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे हे बारा वर्षांत प्रथमच त्यांच्या लक्षात आलं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? बायको आल्यावर सांगितलं असतं. पण सांगितलं की दादा येणार, दादा आले की नकाशा उघडणार, आणि कूलरच्या जोडीला खिळ्याची गोष्ट लग्नसराईत फिरणार. पागनिसांनी फरशी पुसली, चष्मा पुसला, शमिकाच्या पर्समधलं च्युइंगगम काढून चावलं आणि ते खिळ्याभोवती लिंपलं. मग त्यावर पांढऱ्या गोळ्याचं चित्र टांगून दिलं. चित्रं फार सुंदर दिसत होती. हे मला पागनिसांच्या बाजूनं सांगायलाच हवं, कारण पुढे कोणी सांगणार नाही.

संध्याकाळी दादांचा फोन आला.

"अच्युतराव, भिंतीवर काहीतरी लावलंत म्हणे?"

"लावलं."

"नकाशा पाहिला होतात?"

"नाही."

"मग उतरवून ठेवा. पुढच्या रविवारी मी येतो, जगह बघून देतो."

"चित्रं उतरणार नाहीत," पागनीस म्हणाले. "एकही नाही. सहावं तर नाहीच नाही."

स्वयंपाकघरात विनीताबाईंच्या हातातला डाव कढईतच थांबला. पंचवीस वर्षांत या माणसानं त्यांच्या भावाला 'नाही' म्हटलेलं त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांना राग आला. थोडं बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याचा आणखी राग आला.

त्या दिवसापासून पागनीस बंडखोर झाले. बंड खरं होतं, त्याचं कारण फक्त भिंतीच्या आत होतं. विनीताबाई पुसायला गेल्या तर ते म्हणत, "माझी चित्रं मी पुसेन." शमिका फोटो काढायला एक फ्रेम हातात घेऊ लागली तर ते जेवणातून उठून आडवे आले. रोज सकाळी कचेरीला जाण्यापूर्वी ते भिंग घेऊन चित्रांसमोर उभे राहत. अळंब्या किती वेळ बघत आणि सहाव्या चित्राखालची भिंत किती वेळ बघत, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण बघता बघता त्यांना अळंब्या पाठ झाल्या. खालची घडी कशी, देठाला कडं आहे की नाही, चिरल्यावर रंग कोणता. प्रत्येकीखाली त्यांनी मराठीत चिठ्ठी चिकटवली. पोळंवाली, जर्दाळी, पाववाली, आणि सहावीखाली 'महाकंद'. (तो कंद नाही हे त्यांना माहीत होतं. पण आता सहावीचा मान राखणं भाग होतं.)

तिसऱ्या आठवड्यात महाकंदाच्या फ्रेमखालून ओलीचा एक डाग बाहेर डोकावला. पागनीस त्याच दुपारी सराफ्यात गेले. फ्रेमवाल्याचं दुकान अर्धं रिकामं झालं होतं, पण एका पेटीत तसलीच पानं आणखी होती. पागनिसांनी दोन घेतली आणि डागावर लावली. खिळा मारायची आता छाती नव्हती, म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीनं लावली. दहा दिवसांत डाग उजवीकडे सरकला. पागनिसांनी उजवीकडे दोन लावली. मग तो खाली आला. मग वर चढला, जे पाण्यानं करू नये असं पागनिसांना शाळेत शिकवलं होतं.

"भिया, आप तो पक्के शौकीन निकले," फ्रेमवाला म्हणाला. "इत्ते मशरूम का करोगे क्या?"

"दीवार भरनी है," पागनीस म्हणाले. एवढं खरं बोलण्याची संधी त्यांना त्या दिवसांत दुसरीकडे कुठे मिळत नव्हती.

गणपती आले तेव्हा भिंतीवर चौदा अळंब्या होत्या.

आणि गणपतींच्या पाठोपाठ महालक्ष्म्या. पागनिसांकडे त्या उभ्या असतात, मुखवटे विनीताबाईंच्या सासूबाईंच्या वेळचे. आणि त्या उभ्या राहतात जेवणाच्या खोलीत, त्याच भिंतीला पाठ करून. दुसरी भिंत नाही. एका बाजूला खिडकी, एका बाजूला फ्रीज, एका बाजूला दार. बारा वर्षांचा रिवाज होता, आणि तो दादांनी नव्हे, विनीताबाईंनी घातलेला होता.

"महालक्ष्म्यांच्या आधी चित्रं उतरवा," विनीताबाई म्हणाल्या.

"नाही."

"अहो, आरास करायची आहे मागे. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, मग लावा ना परत."

"तीन दिवस काय, तीन मिनिटंही नाही."

"महालक्ष्मीच्या मागे कुत्र्याच्या छत्र्या? सोळा भाज्यांच्या नैवेद्यावर? लोक म्हणतील सतरावी हीच."

"म्हणू देत."

विनीताबाई तिथल्या खुर्चीत बसल्या. "तुम्हाला झालंय काय?" त्यांनी विचारलं. आवाजात भांडण नव्हतं, आणि म्हणून पागनिसांना ते जास्त लागलं. "मला सच सच सांगा. इतकी जिद तुम्ही आजपर्यंत कशाची केली नाहीत. लग्नातसुद्धा नाही."

सांगून टाकावं असं त्यांच्या ओठावर आलं होतं. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. "या घरात एक भिंत माझी आहे," पागनीस म्हणाले. "हॉलमध्ये दादांचा हिमालय आहे. बेडरूममध्ये दादांचं घड्याळ आहे. मी कुठे आहे? मला एक भिंत पाहिजे, विनीता. बाकी सगळं तुम्हा भावंडांचं. एक भिंत." आणि बोलता बोलता त्यांना कळलं की हे त्यांनी खिळा लपवायला म्हटलेलं नाही. हे खरंच होतं. खिळा नसता तरी खरंच असतं.

विनीताबाई आत गेल्या. पुढचे चार दिवस त्या शमिकामार्फत बोलल्या. "बाबांना सांग, चहा झालाय." "बाबांना सांग, नारळ सहा आणायचे, चित्रं नाही." शमिका म्हणाली, "आई, मी ऑफिसात पण हेच काम करते, इकडचा मेल तिकडे. घरी तरी सुट्टी दे ना यार."

पाचव्या दिवशी विनीताबाईंनी आपल्या माहेरची जुनी महेश्वरी साडी काढली. ती आराशीचा पडदा टांगायच्या वरच्या दांडीवरून सोडून त्यांनी सगळी भिंत झाकून टाकली. चित्रं हलली नाहीत आणि दिसलीही नाहीत. "झालं तुमच्या मनासारखं," त्या पागनिसांना म्हणाल्या. इतक्या दिवसांनी सरळ बोललेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि पागनिसांना क्षणभर आपण जिंकलो असं वाटलं. ओल्या भिंतीवर चौदा लाकडी फ्रेमा, आणि त्यांच्यावर वारा न लागू देणारी दुहेरी साडी. तीन दिवस. अळंबीला आणखी काय हवं असतं? पागनीस दोन महिने त्यांचा अभ्यास करत होते, त्यांना तरी कळायला हवं होतं.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. दादा सोवळ्याचा कद नेसून पाटावर बसले होते. शेजारी त्यांच्या पत्नी, शालिनीवहिनी, सवाष्ण म्हणून. पुरणपोळ्या झाल्या होत्या, सोळा भाज्या मांडल्या होत्या, आरती झाली होती. दादांनी साडीकडे पाहून "आरास बढिया झालीये" असं म्हटलं होतं, आणि मागे काय आहे याची चौकशी मोठ्या मनानं टाळली होती. पागनीस तूप वाढत होते. तेवढ्यात शमिका म्हणाली, "आई, साडीला काय झालंय?"

दोन्ही महालक्ष्म्यांच्या मधोमध, कमरेच्या उंचीवर, महेश्वरी साडी पुढे आली होती. आतून कोणीतरी कोपर टेकल्यासारखी. शमिकानं काठ उचलला.

महाकंदाच्या फ्रेमच्या खालून अळंब्या आल्या होत्या. चित्रातल्या नव्हेत, खऱ्या. तीन मोठ्या, चारपाच छोट्या, फिकट तपकिरी टोप्या घालून दाटीवाटीनं उभ्या. त्यांच्या भोवती भिंत पार काळी पडली होती.

पागनीस तुपाचं भांडं हातात धरून उभे होते.

"बाबा," शमिका म्हणाली, "ह्या एडिबल आहेत?"

हा प्रश्न विचारायला नको होता, पण विचारल्यावर पागनिसांना राहवेना. ते वाकले, चष्मा वर केला, टोपी पाहिली, खालच्या घड्या पाहिल्या, देठ पाहिला. "नाहीत," ते म्हणाले. "चौदापैकी एकीशीही जुळत नाही. हात लावू नकोस, कोणीच लावू नका. अशा ओळखू न आलेल्या अळंब्या खायच्या नसतात."

"खऱ्या उगवल्या त्याही बिनकामाच्या," विनीताबाई म्हणाल्या.

दादा पाटावरून उठले. कदाचा सोगा सावरत, महालक्ष्म्यांना नमस्कार करून, त्यांच्यामागे शिरले. भिंतीला हात लावला. "सीलन," ते म्हणाले. "जबरदस्त सीलन. ओल पार आत मुरलीये. अच्युतराव, इथे खिळा कोणी मारला?"

"मी मारला."

"काढतो."

"खिळ्याला हात लावायचा नाही," पागनीस म्हणाले आणि तुपाच्या भांड्यासकट आडवे आले. "हृषीदादा, मी स्पष्ट सांगतो. तो खिळा माझा आहे. तो तिथेच राहील."

"अहो, खिळा आहे तो, खानदानी दागिना आहे का?"

"काहीही असू दे."

दादांनी आयुष्यभर ठेकेदारांची बंडं मोडली होती. त्यांनी डाव्या हातानं महाकंद उतरवला, उजव्या हातानं खिळा धरला आणि ओढला. आधी च्युइंगगम आलं. मग खिळा आला. मग पाणी. दोन महिने कोंडलेली धार अशी सुटली की तिनं दादांना कदासकट छातीपासून खालपर्यंत भिजवलं, पाटावरची पानं धुऊन काढली, आणि सोळा भाज्यांची एकच भाजी केली. महालक्ष्म्या बाजूला होत्या म्हणून कोरड्या राहिल्या. विनीताबाईंनी पळत जाऊन गच्चीवरचा टाकीचा कॉक बंद केला तेव्हा कुठे ती थांबली.

खाली येऊन विनीताबाई थेट लोखंडी कपाटाकडे गेल्या. साड्या बाजूला सारून त्यांनी नकाशा आणला आणि टेबलावर आपटला. "बघा," त्या पागनिसांना म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते नळाचं नव्हतं. "बारा वर्षं आहे घरात. एक नजर टाकली असतीत तर हे झालं नसतं. दादानं इतक्या मेहनतीनं काढून दिलाय. पण तुम्हाला जिद."

पागनिसांनी आयुष्यात पहिल्यांदा नकाशा पाहिला. जेवणाची खोली, बाथरूमकडची भिंत. निळी रेघ डावीकडून गेली होती. सहावं चित्र उजवीकडे होतं. त्यांनी पुन्हा पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं, मग नकाशाकडे.

"इथे पाइप नाहीये," पागनीस म्हणाले.

"असं कसं?" दादा ओल्या कदात पुढे आले.

"या नकाशाप्रमाणे मी खिळा मारला ती जागा अगदी सेफ आहे. उलट डावीकडे मारला असता तर धोका. नकाशा पाहिला असता ना, हृषीदादा, तरी मी तिथेच मारला असता. लेव्हल लावून मारला असता."

शमिकानं नकाशा उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि उलटा केला. मागून पाहिल्यावर निळी रेघ नेमकी उजवीकडे आली, जिथे आता भोक होतं. "मामा," ती म्हणाली, "तुम्ही ही भिंत उलटी काढलीये."

दादांनी उजेडातल्या निळ्या रेघेवरून बोट फिरवलं. "माप घेताना," ते हळू आवाजात म्हणाले, "मी बाथरूममध्ये उभा होतो."

तो क्षण पागनिसांचा होता. पंचवीस वर्षांनी आलेला, कूलरसकट सगळं फेडणारा. त्यांनी तुपाचं भांडं शांतपणे खाली ठेवलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यांच्याआधी शालिनीवहिनी बोलल्या. त्या पाटावरून हलल्याही नव्हत्या. "असाच नकाशा आमच्या घराचा पण आहे यांनी काढलेला," त्या म्हणाल्या. "मी आजवर त्या घरात एकही खिळा मारू दिला नाही. सगळं आलमारीवर टेकवून ठेवलंय."

विनीताबाईंना आधी हुंदका आला आणि तो हसू होऊन बाहेर पडला. मग शमिका हसली, मग वहिनी. दादा हसले नाहीत, पण कद पिळता पिळता म्हणाले, "अच्युतराव, माफ करा." हे शब्द त्यांच्या तोंडून ठेकेदारांनीही ऐकले नसतील.

"माफीचं काही नाही," पागनीस म्हणाले. "पण भिंत माझी."

"भिंत तुमचीच," विनीताबाई म्हणाल्या. "दादा, ऐकलंस ना? आजपासून ती भिंत ह्यांची. तू काही बोलायचं नाही, मी पण बोलणार नाही." आणि त्या नव्यानं पानं वाढायला वळल्या, कारण महालक्ष्म्यांचा नैवेद्य एकदा धुतला गेला म्हणून कोणी उपाशी राहत नाही.

पुढे मिस्त्री आला. त्यानं प्लास्टर फोडलं, पाइप बदलला, भिंत पंधरा दिवस उघडी वाळू दिली, मग नवं प्लास्टर केलं, रंग दिला. पागनिसांनी चौदाही चित्रांना ऊन दाखवून, फडक्यानं पुसून ठेवली. पानांवर एकही डाग पडला नव्हता. जुना कागद दमदार असतो असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. जणू तो त्यांनीच बनवला होता.

दसऱ्यानंतरच्या रविवारी भिंत तयार झाली. पांढरी, कोरडी, रिकामी. विनीताबाईंनी हातोडी आणि खिळ्यांची डबी आणून पागनिसांच्या हातात दिली. "घ्या. कुठेही मारा," त्या म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या.

दहा वाजता पागनीस भिंतीसमोर उभे राहिले. साडेदहालाही तिथेच उभे होते. जर्दाळी वर घ्यावी की पोळंवाली? महाकंद मधोमध शोभेल की कडेला? दोन ओळी सातसातच्या, की तीन कराव्यात? त्यांनी एक चित्र धरून पाहिलं, खाली ठेवलं, दुसरं धरलं. शमिकाला हाक मारली. ती म्हणाली, "बाबा, आज रविवार आहे, झोपू दे ना. जिथे वाटेल तिथे लावा." स्वयंपाकघराच्या दारात जाऊन त्यांनी विचारलं, "अगं, जरा बघतेस का?" विनीताबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या, "तुमची भिंत आहे. मी शब्द दिलाय."

पावणेबाराला पागनिसांनी फोन लावला.

"बोला, अच्युतराव," दादा म्हणाले. हल्ली त्यांचा आवाज बराच मऊ झाला होता.

"हे पाहा, मी विचारत नाहीये," पागनीस ठणकावून म्हणाले. "नुसतं कळवतोय. आज मी चित्रं लावतोय."

"लावा ना."

"माझ्या मर्जीनं लावतोय. कोणाचा सल्ला नको, नकाशा नको, काही नको."

"बिलकुल बरोबर."

"कोणी मध्ये पडलेलं मला चालणार नाही."

"मी कुठे पडतोय?"

"हां. पडू नका." पागनिसांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग पाठ फिरवली आणि आवाज अगदी खाली आणला. "फक्त टेप कुठून धरायचा, तेवढं सांगा."